वर्गात सांगायची गोष्ट

माहेरी तिला सगळे मोठी म्हणायचे. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मोठी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि धाकटी अजून शाळेत. "घरात कोणीतरी राहायला हवं," असं वडील म्हणाले. कोणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज कोणालाच वाटली नाही. मोठीनेही तोंडातून ब्र काढला नाही. तिने आईचं अंथरूण सांभाळलं, धाकटीचे डबे भरले आणि आई गेल्यावर दाखवला त्या मुलाशी लग्न केलं. धाकटी शिकत गेली आणि इतिहासाची प्राध्यापिका झाली.

मोठी एका रुग्णालयाच्या तळघरात शिवणखोलीत कामाला लागली. फाटक्या चादरींना ठिगळं लावायची, उशांचे अभ्रे शिवायचे, रोग्यांच्या झग्यांना तुटलेल्या नाड्या लावायच्या. तिचा मुलगा मोठा होऊन नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला आणि घर रिकामं वाटायला लागलं, तेव्हा वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तिने दूरशिक्षणातून बी.ए.ला नाव घातलं. विषय इतिहासच घेतला.

"पदवी मिळाल्यावर काय, चादरींना इंग्रजीतून टाके घालणार?" नवरा म्हणाला. तो बस चालवायचा आणि दिवसभर प्रवाशांचं ऐकून घ्यायचा. घरी आल्यावर त्याची भरपाई मोठीकडून करायचा.

दोन वर्षं ती चांगल्या मार्कांनी पास झाली. तिसऱ्या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं. पुस्तक उघडावं तर अक्षरं दिसत, अर्थ लागत नसे. एकाच ओळीवर बोट ठेवून ती बसून राही. झोप उडाली. नहाणीत नळ सोडून ती भिंतीला डोकं टेकून उभी राही, आणि बादली भरून वाहतेय हेही तिला कळत नसे. नवऱ्याला वाटलं, अभ्यासाचं नाटक चाललंय. तिला स्वतःलाही वाटलं, आपण आळशी झालोय. म्हणून ती आणखी पहाटे उठायला लागली, आणि आणखी खचली.

एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या सिस्टर झग्यांचा गठ्ठा घेऊन शिवणखोलीत आल्या.

"अगं, हे काय करून ठेवलंयस? बाह्यांची तोंडं शिवून टाकलीस! वर एक आजोबा केव्हापासून हात घालतायत, हात बाहेर येतच नाही."

सिस्टर हसत होत्या. मोठीने एक झगा हातात घेतला, बाहीत हात घातला, आणि हात शिवणीला अडला तशी ती रडायला लागली. सिस्टरांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी मशीन बंद केलं आणि मनगट धरून तिला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी बराच वेळ ऐकून घेतलं. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "या वर्षी परीक्षा देऊ नका. सोडा म्हणत नाहीये मी, पुढे ढकला."

"माझं सगळं पुढेच ढकललेलं आहे, डॉक्टर. आणखी किती ढकलू?"

"पाय मोडला असता तर दिली असतीत परीक्षा?"

"पाय मोडला असता तर घरच्यांना दिसला असता," मोठी म्हणाली.

नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. "मी म्हणतच होतो," तो म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी स्टूल घेऊन तिची सगळी पुस्तकं माळ्यावर चढवून मोकळा झाला. इतक्या तत्परतेने त्याने घरातलं दुसरं कुठलंच काम कधी केलं नव्हतं. ते पाहून मोठीचं डोकं फिरलं. जीव गेला तरी बेहत्तर, परीक्षेला बसायचंच, असं तिने मनाशी ठरवलं.

पण ठरवून अक्षरांना अर्थ येत नव्हता. शेवटी सुट्टीच्या दिवशी ती धाकटीकडे गेली. धाकटी दोन ओळी वाचून दाखवेल, समजावेल, निदान डोक्यावरून हात तरी फिरवेल, एवढीच तिची अपेक्षा होती.

धाकटी पेपर तपासत होती. तिने ऐकलं आणि लाल पेन खाली ठेवलं.

"ताई, असं नको ना करूस! मी वर्गात तुझं उदाहरण देते. या वयात, नोकरी सांभाळून, माझी बहीण शिकतेय म्हणून सांगते. मुलं टाळ्या वाजवतात, ठाऊक आहे?"

"मला वाचता येत नाहीये गं."

"येईल. तू खंबीर आहेस. आईचं सगळं तूच केलंस ना? मला तर जमलंच नसतं."

"तुला कोणी करायला सांगितलंच नव्हतं," मोठी म्हणाली.

धाकटीने समोरचे पेपर सारखे केले. मग तिने चहा विचारला. मोठी नको म्हणाली आणि उठली.

परतीच्या वाटेवर मोठी मनाशी भांडत राहिली. बसायचं तर कोणासाठी? नवऱ्याचं नाक कापायला, की धाकटीच्या टाळ्यांसाठी? तिसरं कारण शोधूनही सापडेना. जे तिचं स्वतःचं होतं ते आजाराने केव्हाच खाऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती परीक्षा पुढे ढकलायचा अर्ज द्यायला अभ्यासकेंद्रात गेली.

"कारण 'घरगुती अडचण' लिहू का? बरं दिसतं," कारकून म्हणाला.

"मानसिक आजार लिहा."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून लिहिलं.

गोळ्यांनी आधी नुसती झोप आली. कित्येक महिने ती कामावर जाई, येई आणि आडवी होई. नवरा खूश होता, कारण घर पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं. धाकटीचा फोन आला नाही. हळूहळू मोठीला वर्तमानपत्रातली बातमी शेवटपर्यंत वाचता यायला लागली. तेव्हा तिने स्वतःच स्टूल लावून पुस्तकं खाली काढली.

त्याच सुमारास सिस्टरांची मुलगी आईला भेटायला रुग्णालयात आली. ती धाकटीच्याच कॉलेजात, तिच्याच वर्गात शिकायची, आणि मोठी आपल्या मॅडमची बहीण हे तिला ठाऊक होतं. मोठीला पाहून ती धावत आली.

"मावशी, अभिनंदन! मॅडमनी वर्गात सांगितलं, तुम्ही पहिल्या वर्गात बी.ए. झालात म्हणून!"

मोठीच्या हातातला अभ्रा तसाच राहिला. "मी परीक्षेला बसलेच नव्हते. आजारी होते," ती म्हणाली. मुलगी ओशाळली.

मोठीने तिथूनच धाकटीला फोन लावला.

"वर्गात खरं सांग, मी आजारी पडले म्हणून."

"अगं, मुलांना असलं कशाला सांगायचं, ताई? त्यांना उमेद हवी असते. आणि आज ना उद्या तू होशीलच की पास!"

मोठीने फोन ठेवला.

त्या वर्षी ती परीक्षेला बसली. दोन पेपर सुटले, बाकीचे राहिले. निकाल तिने सिस्टरांना सांगितला आणि डॉक्टरांना सांगितला. धाकटीला कळवला नाही. कळवून उपयोगही नव्हता. तिच्या वर्गात मोठी केव्हाच पहिल्या वर्गात पास होऊन गेली होती.