उंबराला बांधलेली जपानी सीडी

"सायेब, त्या झाडाखाली नका जाऊ," जानी म्हणाली.

मी दाभोसा नावाच्या खेड्यातल्या एका नाचणीच्या शेतात उभा होतो. पाखरं उडवायला दोऱ्यांवर पंधरा-वीस सीड्या टांगलेल्या. भर दुपार, वारा पडलेला, तरी सगळ्या सावकाश फिरत होत्या. मला हवी असलेली मात्र तिथे नव्हती. ती बांधाच्या पलीकडे, उंबराच्या फांदीला, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली होती.

माझा धंदा असा की, लोकांना आवडत्या गाण्यांच्या दुर्मिळ आवृत्त्या शोधून द्यायच्या. एकच अल्बम इथे दहा गाण्यांचा निघतो, जपानात बारा. ती जादाची दोन म्हणजे बोनस ट्रॅक. त्यासाठी लोक जीव टाकतात. कधी शेवटचं गाणं संपल्यावर चार-पाच मिनिटं नुसती शांतता असते आणि मग एक लपवलेला तुकडा वाजतो. त्याला म्हणतात हिडन ट्रॅक.

कर्णिक म्हणून माझे ठाण्याचे एक क्लायंट. त्यांची धाकटी बहीण सुमन एका पॉप बँडमध्ये गायची. तिच्या बोलण्याचा असा लपवलेला तुकडा फक्त जपानी प्रतीवर होता. सुमन गेली. कर्णिकांकडे तिचा बोलतानाचा आवाज कुठेच नव्हता. सहा महिने मी वणवण केली. शेवटी भिवंडीच्या एका भंगार गोडाऊनवाल्याने सांगितलं, परदेशी सीड्यांचं एक खोकं दाभोशाचा लखमा नावाचा मजूर शेतात टांगायला घरी घेऊन गेला.

लखमा दोन वर्षांपूर्वी वारला होता. जानी त्याची बायको.

"झालं काय?" मी विचारलं.

"गाना सरला. मी बंद कराया इसारली. आमी जेवत व्हतो. मंग येकदम बाईचा आवाज आला, 'दादा, ऐकतोयस ना?' घरात समदी यांना दादाच म्हनायची. यांनी ओ दिली."

त्यांच्याकडे समज असा, की एकट्या हाकेला ओ द्यायची नाही; ती मेलेल्याची असते आणि ओ देणाऱ्याला घेऊन जाते. तीनदा आली तरच ती माणसाची. लखमाला हे माहीत होतं, पण तोंडात घास होता आणि ओ निघून गेली. महिन्याभरात तो ठाण्यात परांचीवरून पडला. सीडी जानीने लावली होती, म्हणून सासू तिच्याशी बोलणं टाकून बसली होती. सीडी जाळायला कोणी धजेना, घरात ठेवायलाही नाही. शेवटी ती उंबराला बांधली; त्यानंतर बोट लावायची हिंमत कुणाची झाली नाही, म्हणूनच ती वाचली.

मला चीड आली. एका हिडन ट्रॅकपायी या पोरीचे हे हाल! सीडी सोडवून मी त्यांच्या ओट्यावर बसलो, प्लेअरला स्पीकर जोडला आणि सासूला शेजारी बसवलं. गाणं संपलं. "आता बघा आजी, पाच मिनिटं काही नाही. यंत्रात काही नसतं, सगळं आधीच भरलेलं असतं."

पाच मिनिटं फार लांब असतात. कोंबड्याही गप्प झाल्या होत्या. मग अगदी जवळून, हसत, आवाज आला, "दादा, ऐकतोयस ना?"

खरं सांगतो, मला एक भाऊ आहे, बहीण नाही. तरी ओ माझ्या ओठांवर आली होती. मी दात आवळले.

"बघितलंत? ही एका मुलीने आपल्या भावाला मारलेली हाक आहे. तुमच्या लखमाला नाही."

म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिलं. "ती पोर जिती हाय ना?"

जानीचा हात दाराच्या चौकटीवर थांबला. धंद्यात मी मालाबद्दल कधी खोटं बोललेलो नाही.

"आहे की. पुण्यात असते. दोन मुलं आहेत."

म्हातारी सुनेकडे वळून म्हणाली, "जाने, पावन्याला च्या ठिव." जानीने तोंडावर पदर धरला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सीडी कर्णिकांना दिली आणि सगळी हकीकत सांगितली. माझं खोटंसुद्धा. त्यांच्यासमोर ते बोललोच पाहिजे असं वाटलं.

"बरं केलंत," ते म्हणाले. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले. ताल धरलेली त्यांची बोटं थांबली, त्यावरून गाणं संपल्याचं मला कळलं. मी घड्याळ बघत बसलो. उठून प्लेअर बंद करावा असं दोनदा मनात आलं.

पाचव्या मिनिटाला कर्णिकांचा चेहरा उजळला.

"ओ, सुमे," ते मोठ्याने म्हणाले. "आलोच."

दुर्मिळ माल अस्सल असल्याची गॅरंटी मी आजही देतो. त्यापुढची देत नाही.