रंगाचा तिसरा हात

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली. देवासच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. टेबलावर लोखंडी भाग येत, मी त्यांवरून बोटं फिरवायचो आणि खोट सापडली की तिच्याभोवती पांढऱ्या खडूने गोल करायचो. गोल केलेला भाग परत जायचा. त्यामुळे माझ्या प्रत्येक शर्टाच्या खिशात खडूचा एक तुकडा असायचाच. बायको होती तोवर धुणं भिजवताना ती खिसे उलटे करायची आणि माझ्या नावाने शंख करायची. ती गेल्यावर हे काम मुलीकडे आलं. मुलगी काही बोलायची नाही, तुकडा काढून खिडकीत ठेवायची, आणि सकाळी मी तो पुन्हा खिशात घालायचो.

घरात आम्ही दोघंच होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मुलगी बी.एड. होऊन वर्षभर घरी होती. संक्रांतीच्या आठवड्यात तिला नेमणुकीचं पत्र आलं. पीपलरावां या गावातल्या शाळेत शिक्षिका, एका महिन्याच्या आत हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हणालो, वा, छान झालं. मग मागच्या दारी जाऊन नळ नीट बंद आहे का ते बघून आलो. नळ बंदच होता.

ती जायला मला नको होती. हे आत्ता जितक्या सरळ लिहितोय तितक्या सरळ मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मी आपला प्रश्न काढत बसलो. एकटी राहशील कुठे, पाण्याचं काय, आजारी पडलीस तर कोण बघेल. तिची उत्तरं तयार होती. शाळेतल्याच एका वयस्कर बाईंकडे तिने खोली ठरवून टाकली होती. शेवटी मी सामानाचा प्रश्न काढला. खाट, पुस्तकांच्या पेट्या, शिलाई मशीन, हे सगळं बसमधून कसं नेणार? ती म्हणाली, आपली जीप आहे ना.

जीप होती खरी, पण तिला जीप म्हणायला धाडस लागत होतं. धारला एका सरकारी खात्याच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, तिथून दोन वर्षांपूर्वी मी ती उचलली होती. तिची सगळी उमेद त्याच जिल्ह्यातल्या डही गावाकडच्या खडकाळ रस्त्यांवर खर्च झालेली. इंजिन तेवढं ठणठणीत निघालं. पण अंगावर रंगापेक्षा गंज जास्त होता, आणि ड्रायव्हरच्या पायाशी एवढं भोक होतं की गाडी चालवताना खालचा रस्ताही दिसायचा. ही कशाला घेतली, असं बायको असती तर विचारलं असतं. ती नव्हती, म्हणूनच घेतली असावी.

मुलीने जीपचं नाव काढलं आणि मला वाट सापडली.

"असल्या भंगारातून माझी मुलगी नोकरीवर हजर होणार नाही," मी म्हणालो. "आधी तिला रंग द्यायचा."

ती खूश झाली. तिला वाटलं, बाप उत्साहात आला.

आग्रा-मुंबई रस्त्यावर ट्रक रंगवणारा एक पेंटर होता. त्याने कामाचा जो आकडा सांगितला तो ऐकून मला हसू आलं, आणि त्याला वाटलं मला पटला. मग आम्ही आपल्या हातांनीच करायचं ठरवलं. माणूस दिलदार होता. गिऱ्हाईक गेलं तरी त्याने उरलेले डबे स्वस्तात दिले आणि सल्ला फुकट दिला. "बाउजी, रंग में कुछ नी धरा. सब घिसाई में है. घिसते रेना." माझ्यासारख्या वेळ काढू पाहणाऱ्या माणसाला याहून चांगला आशीर्वाद मिळाला नसता.

तेव्हा आम्ही घासत राहिलो. पहिली पाळी सुटली की चारच्या आत मी घरी यायचो. मुलगी बादलीत पॉलिश पेपर भिजत घालून अंगणात तयार असायची. लाकडाच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळायचा, पाणी सोडत घासायचं, गोल गोल नाही, एकाच दिशेने. वरचा राखाडी रंग गेला की खाली पिवळा निघायचा आणि त्याच्याखाली कुठे कुठे निळा. कोणत्या साहेबाला कोणता रंग आवडत होता याचा अंदाज करण्यात आमचा वेळ बरा जायचा. मी तिला माझी विद्या शिकवली. डोळे मिट आणि बोटं फिरव, डोळ्यांना फसवता येतं, बोटांना येत नाही. दोन दिवसांत तिची बोटं माझ्या खात्यातल्या कुठल्याही नव्या पोरापेक्षा तयार झाली.

आई गेल्यापासून चार वर्षांत आम्ही जे बोलत होतो ते रेशन, रॉकेल आणि विजेच्या बिलाबद्दल. आता दोघांची तोंडं पत्र्याकडे असायची, एकमेकांकडे बघायची गरज नव्हती, आणि त्यामुळे बोलणं सुचायला लागलं. एकदा तिने विचारलं, आई रागावली की तुम्ही कुठे निघून जायचात? मी म्हणालो, टेकडीवर, देवीच्या दर्शनाला. ती घासता घासताच म्हणाली, आई तर सांगायची की बाबा कारखान्याच्या कँटीनमध्ये बसलेत, दोन चहा झाले की येतील. माझ्या हातातला ठोकळा जागीच थांबला. वीस वर्षं मी देवीचं नाव पुढे करत होतो, आणि बायकोला माझ्या चहांची संख्यासुद्धा माहीत होती. मग आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या वहिनी कुंपणापाशी येऊन बघून गेल्या.

ते दिवस मला फार आवडले. जीपचं काम संपू नये असं आधी तिच्या जाण्यामुळे वाटत होतं. नंतर ते त्या दुपारांसाठीही वाटायला लागलं.

पायाखालचं भोक आम्ही तेलाच्या डब्याच्या पत्र्याने बुजवलं. खड्ड्यांमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, ती सुकल्यावर पुन्हा घासली आणि वर रेड ऑक्साइडचं अस्तर दिलं. आता रंग कोणता, यावरून आमचं चांगलंच वाजलं. माझ्या मनात मशीनला देतात तो राखाडी होता. ती म्हणाली, "बाबा, गाडी आहे की खराद?" ती हिंदी शाळेत शिकलेली, लेथला खराद म्हणायची. तिला गडद हिरवा हवा होता. मी म्हटलं, गडद रंगावर धूळ लगेच दिसते.

"दिसली तर पुसू," ती म्हणाली, आणि हिरवा ठरला.

फवारणीचं यंत्र आणायची आमची ऐपत नव्हती. माझ्याच सुपीक डोक्यात आलं की घरात डासांवर औषध मारायचा पंप आहे, तो कशाला वाया घालवायचा. रंग पातळ केला, बायकोच्या जुन्या पातळाच्या तुकड्यातून गाळला आणि पंपात भरला. पंपाने पहिल्या दाबाला काहीच दिलं नाही, दुसऱ्याला माझ्या चष्म्यावर दिलं, आणि तिसऱ्याला बॉनेटवर वाटाण्याएवढे थेंब टाकले. त्यात पंपात जुन्या औषधाचा तेलकटपणा राहिलेला, त्यामुळे रंग धरेचना. बॉनेट पुन्हा पत्र्यापर्यंत खरवडावं लागलं. चार दिवस गेले. मी तोंडाने हळहळलो. मनातून मला त्या पंपाची पाठ थोपटावीशी वाटत होती.

मग मुकाट्याने ब्रश आणला. पहिला हात झाला आणि मी खडू घेऊन गाडीभोवती फिरलो. इथे ओघळ, इथे ब्रशचा केस, इथे किडा बसलाय. सगळ्यांना गोल केले. तिने दुसऱ्या दिवशी सगळे घासून काढले. दुसरा हात झाला. मी पुन्हा फिरलो. गोल कमी होते, पण होते. तिने तेही काढले. ती कधीही कुरकुरली नाही, फक्त हल्ली सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जरा जास्त वेळ उभी राहायची. ते मी बघायचो आणि तरीही चार वाजता खडू काढायचो.

दुसरा हात सुकला तेव्हा तो पेंटर सहज बघायला आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, हात लावला, आणि बस झालं म्हणाला. आठ दिवस उन्हात सुकू द्या, नाहीतर रस्त्याची धूळ रंगात बसेल आणि मग ती निघायची नाही. मी म्हटलं, नाही, अजून एक हात द्यायचाय. मुलगी चहा करायला आत गेली होती. तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाउजी, गाडी रंग रिये हो के रोक रिये हो?"

मी त्याला चहा पिऊन जायला सांगितलं.

तिसरा हात दिला तेव्हा तिच्या महिन्याचे चारच दिवस उरले होते. तो जेमतेम कोरडा झाला आणि दोन दिवस राहिले. त्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळच्या उन्हात मी जीपभोवती फिरलो, आधी डोळ्यांनी, मग बोटांनी. कुठे काही नव्हतं. इतकं साफ काम माझ्या टेबलावर क्वचितच आलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं, संध्याकाळी परत येईन तेव्हा घरात कोणी नसेल. एक गोल केला तर मात्र घासणं आलं, पुन्हा रंग आला, पुन्हा सुकवणं आलं, आणि तेवढ्यात तिची मुदत टळली असती. हा हिशेब मी नीट केला होता, नाही असं म्हणणार नाही. मी मागच्या बाजूला गेलो, स्टेपनीच्या खाली वाकलो आणि एक छोटा गोल केला.

मग तिला हाक मारली.

ती बादली आणि पेपर घेऊन आली, जमिनीवर बसली आणि गोलाच्या आतून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग डोळे मिटले, मीच शिकवलं होतं तसे, आणि सगळा तळहात फिरवला.

"बाबा, इथे काही नाहीये."

मी म्हटलं, नीट बघ. तिने नीट बघितलं. माझ्यावर तिचा इतका विश्वास होता की खोट सापडत नाही म्हणजे आपलंच बोट चुकतंय असं तिला वाटत होतं. तिसऱ्यांदा तिने हात फिरवायला घेतला तेव्हा मात्र मला ते बघवेना.

"राहू दे," मी म्हणालो. "काही नाही तिथे. मला माहीत आहे."

तिच्या डोळ्यांसमोरून सगळा महिना जात असावा, डासांचा पंप, ते गोल, ते वेळ काढणं. मला वाटलं आता रागावेल, आणि रागावली असती तर मला बरंच वाटलं असतं. पण माझ्या लबाड्या पोटात घालण्यात ती आईवर गेलेली.

"मग सरळ सांगायचं ना," ती म्हणाली, "की जाऊ नको."

"सांगितलं असतं तर राहिली असतीस का?"

तिने मान हलवली. हो.

"म्हणून तर नाही सांगितलं."

हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा मलाच नवे होते. महिनाभर लबाडी केली होती, पण तेवढं एक वाक्य मी तिच्यापासून दूर ठेवलं होतं, आणि ते का ठेवलं हे मला त्या क्षणी कळलं. मुलीला थांबवावं असं वाटत होतं, पण ती माझ्यामुळे थांबलेली मला बघायची नव्हती. माझे डोळे भरून आले. तिचेही आले. दोघांचेही हात रंगाचे, पुसायची पंचाईत.

तिने पदराने तो गोल पुसून टाकला. मग उठली, माझ्या हातातला खडूचा तुकडा घेतला आणि कनवटीला लावला.

"हा आता मला लागेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाट, पेट्या आणि मशीन बांधून आम्ही निघालो. बॉनेटवर तिने कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पण कुंकू तेलात नाही, पाण्यात कालवून. तेलाने रंग बिघडतो म्हणून. सोनकच्छपर्यंत रस्ता बरा होता. पुढे हरभऱ्याच्या शेतांमधून कच्चा लागला आणि आमच्या मागे धुळीचा लोट उठला. ती सारखी मागे वळून बघत होती आणि म्हणत होती, बाबा, हळू, रंग ओला आहे. मी हळूच चालवत होतो. तसंही मला घाई नव्हती.

खोली चांगली होती. दारात कडुलिंब होता, पाणीही जवळ होतं. शोधूनही मला काही सापडलं नाही. ती मुदतीच्या आत हजर झाली, रजिस्टरात सही केली आणि मला फाटकापर्यंत सोडायला आली. रोज पत्र लिहू नका, आठवड्याला एक पुरे, असं बजावलं. मी तीन दिवसांनी पहिलं लिहिलं.

त्या दिवशी ऊन उतरायच्या आत मी देवासला परत आलो. जीप अंगणात लावली आणि सवयीने मागे जाऊन हात फिरवला. पेंटर म्हणाला होता तेच झालं होतं. न सुकलेल्या रंगात पीपलरावांच्या वाटेवरची धूळ बसली होती, सगळी मागची बाजू रव्यासारखी खरखरीत झाली होती. माझ्या खात्यातल्या नवशिक्यानेही ती उभ्या उभ्या नापास केली असती. मी तिथे उभ्याने शर्टाच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.