काखेतली बाटली

क्रांती चौकामागच्या सोनोग्राफी सेंटरमधल्या मदतनीस बाईंचं नाव मी चार वर्षांत विचारलं नाही. आमची सई त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणते, म्हणून मीही. सईला जन्मापासून एक दुर्मिळ जनुकीय आजार आहे. त्यामुळे तिच्या दोन्ही किडन्या खालून जोडलेल्या आहेत, घोड्याच्या नालेसारख्या. त्यांना सूज तर आली नाही ना, हे बघायला आम्ही दर सहा महिन्यांनी बजाजनगरहून येतो.

खाला आधी तिला पाणी पाजतात. "घोट घोट पी बेटा, घाई नाय." मग तिची चाल बघूनच डॉक्टरांना सांगतात, "शू लागली हिला. घ्या आता." तोवर पोटाला लावायच्या जेलची बाटली त्यांच्या काखेत असते. गार जेलनं लेकरं दचकतात, म्हणून. कोमट जेलनं सईला नुसत्या गुदगुल्या होतात.

आत अंधार असतो. पडद्यावर राखाडी पाणी हलत राहतं, आणि आपण सगळे एखाद्या तळ्याच्या तळाशी बसलोय असं मला वाटत राहतं. मग खाला बाटली फळीवर ठेवतात, दिवा लावतात, आणि आम्ही वर येतो.

परवा डॉक्टरांचा हात पोटावर एकाच जागी बराच वेळ थांबला. खाला पडद्याकडे बघत होत्या. फळीकडे नेलेली बाटली त्यांनी सावकाश परत काखेत धरली.

"अजून एकदा गुदगुल्या," सई मला म्हणाली, आणि तिनं हसत डोळे मिटले.