दोन्हीकडच्या पोरांचं गाऱ्हाणं

माझी बायको सुमन गेली, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी नारळ फोडला आणि ती विळीवर खवायला बसली. टीव्हीवर कुठल्यातरी लढाईत जहाज जळत होतं. ओल्या खोबऱ्याच्या वासाने मी थेट आमच्या घाटकोपरच्या जुन्या खोलीत पोचलो.

शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. आमचा दिनू आखातात तेलाच्या जहाजावर खलाशी. इराण-इराकच्या लढाईत जहाजं फुटत होती आणि त्याची काही खबर नव्हती. मी देवापुढे नारळ ठेवून गावच्यासारखं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या पोराक सुखरूप आण, आणि त्या दोघांची पुरी वाट लाव!"

यावर घरच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. सुमन गप्प.

"बोल ना गं!"

"नाय बोलणार. तिथल्या आयांना पोरं काय रस्त्यात सापडली? नीट घाला."

चरफडत पुन्हा घातलं, सगळ्यांच्या पोरांसाठी. तेव्हा केवढ्याने ओरडली, "व्हय म्हाराजा!" शेजारीण बघायला आली.

दिनू आला, एक कान बहिरा होऊन. गाऱ्हाणं अडवलं तेव्हा सुमनचा राग आला होता. आता तेच ओरडणं कानात हवंसं वाटतं.

पहाटे ती झोपेतच गेली. तिला पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतकात नारळ चालत नाही म्हणून, टीव्हीवरच्या त्या जहाजातल्या पोरांसाठी नुसतंच गाऱ्हाणं घातलं. जरा थांबलो. मग "व्हय म्हाराजा" माझं मीच म्हटलं.