हातवाऱ्यांच्या घरातलं मांजर

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारायचं नाही. मारून उपयोगच नव्हता. नारपोलीतलं आमचं घर आणि शेजारचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि भिंतीपलीकडे दिवसपाळी सुटली की रातपाळी लागायची. पाहुणे आले की पाच मिनिटांत कपाळाला हात लावून बसायचे. आम्हाला त्यांचं हसू यायचं, कारण आम्हाला तो खडखडाट ऐकूच येत नसे. बोलायचं तर कानाशी जाऊन ओरडायचं, नाहीतर हात करायचा. तळहात वर केला की पाणी आण. बोटं जुळवून तोंडाकडे नेली की वाढ. हात आडवा हलवला की पुरे, गप्प बस. माझ्या आईला तर अख्खं भांडण तोंड न उघडता करता यायचं.

फक्त शुक्रवारी लूम बंद असायचे. त्या दिवशी भिंत गप्प व्हायची आणि आम्ही सवयीनं एकमेकांच्या अंगावर ओरडत राहायचो.

घरात दोन कुत्रे होते. इथे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणते. वडील शाळेत मास्तर होते, आणि वर्गातल्या पोरांपेक्षा त्यांना या दोघांचा जास्त अभिमान होता. हात खाली दाबला की बसायचे, हात आडवा केला की तोंडातली भाकरीसुद्धा खाली टाकायचे. वडील आल्यागेल्याला करून दाखवायचे. ‘शब्द लागत नाही मला,’ म्हणायचे.

ऐंशी सालानंतर चार-पाच वर्षांनी दादाचं लग्न झालं. वहिनी दिघाशीची, लांबच्या नात्यातली, सातवी शिकलेली. मी तेव्हा सतरा वर्षांची, बारावीची परीक्षा देऊन रिकामी बसलेली, आणि खरं सांगायचं तर एक नंबरची दुष्ट. वहिनी ‘मला’ऐवजी ‘मना’ म्हणायची. मी दिवसभर तिच्यामागे ‘मना, मना’ करत फिरायचे. तिचा आवाज मुळात बारीक, त्यात लूमचा गोंधळ. तिचे ओठ हलायचे आणि आम्हाला काहीच कळायचं नाही. आई म्हणायची, ‘ही आपली माशासारखी तोंड उघडते नि मिटते.’ पहिल्याच दिवशी आईनं तिला चुलीपाशी उभं करून सगळे हातवारे शिकवले. चुकली की बोटांवर उलथनं बसायचं. ‘या घरात हाक मारत नाहीत,’ आईनं तिच्या कानात ओरडून सांगितलं, ‘हात करतात. माझ्या हाताकडे लक्ष ठेवायचं.’

वहिनी शिकली. महिन्याभरात आईचा हात अर्धा वर व्हायच्या आत ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची. वडील कौतुकानं म्हणाले, ‘थोरल्याला सहा महिने लागले होते.’ आम्ही सगळे हसलो. दादाही हसला.

त्या मे महिन्यात उंदरांनी उच्छाद मांडला. कारखान्यातून भिंतीच्या बिळांतून यायचे. वडिलांनी तपासायला आणलेल्या पेपरांचा एक गठ्ठा कोपऱ्यातून कुरतडला, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्याच आठवड्यात वहिनी माहेरी जाऊन आली आणि येताना पिशवीतून मांजराचं पिल्लू घेऊन आली. कबरं, माझ्या मुठीएवढं, एका कानाला जरा चिरलेलं. ‘उंदरांना हाय,’ ती म्हणाली. पण ते काही उंदरांसाठी नव्हतं. लग्न झाल्यापासून तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी माझं-माझं असं पाहिलं, आणि तेच माझ्या डोळ्यांत खुपलं.

आईनं नाक मुरडलं. कुत्र्यांच्या घरात मांजर कशाला, म्हणाली. वडील पेपरांमुळे मऊ पडले होते. शेवटी आईनं निकाल दिला. शनिवार होता. पुढच्या शुक्रवारपर्यंत पिल्लू कुत्र्यांमध्ये मोकळं फिरलं पाहिजे. फिरलं तर राहील. नाही फिरलं तर दादा खाडीवर नेऊन सोडेल. खाडीवर सोडणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनीनं मान हलवली.

त्या आठवड्यात तिनं जो जिवाचा आटापिटा केला, तसा मी पुढे माणसांसाठीसुद्धा कुणी केलेला पाहिला नाही. पिल्लू आल्याबरोबर तिनं ते चुलीभोवती तीनदा फिरवलं. तिच्या गावची रीत, म्हणजे ते घर सोडून जात नाही. मग जुन्या लुगड्याचे दोन तुकडे फाडले. एक पिल्लाच्या अंगाला घासून कुत्र्यांच्या जर्मनच्या ताटलीखाली ठेवला. दुसरा कुत्र्यांना पुसून पिल्लाखाली अंथरला. दोन दिवस कुत्रे त्या वासावर जेवले. तिसऱ्या दिवशी तिनं पिल्लू पडवीत कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवलं आणि आपण डालग्याला टेकून तांदूळ निवडत बसली. कुत्रे येऊन हुंगायचे, घिरट्या घालायचे, कंटाळून झोपायचे. बुधवारी तिनं डालगं उचललं आणि पिल्लू मांडीवर घेतलं. थोरला आला, नाक लावलं, आणि त्यानं पिल्लाचं डोकं चाटलं.

वहिनी रडली. लूमच्या आवाजात तिचं रडणं ऐकू आलं नाही, फक्त खांदे हलताना दिसले. मी आतून बघत होते. मला तेव्हा काय वाटलं, ते सांगते. मला वाटलं, ही जिंकली.

गुरुवारी संध्याकाळी ती माझ्याकडे आली. आईकडे जायची तिची हिंमत नव्हती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘वन्सं, उद्याच्याला नको. शनवारी सोडू तिला.’

‘का?’

‘उद्या लूम बंद हाय. ही बारीक बारीक वरडते, सारखी. कुत्र्यांनी तिचा आवाज आजून ऐकलाच न्हाय.’

मला ते कळलं. कळलं नाही असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले, पण कळलं होतं. शांत गावातून आलेल्या बाईच्या ते लक्षात आलं होतं, आणि आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या आलं नसतं. पण ती शहाणी आणि मी मूर्ख, हे मला कसं चालणार? ‘मना न्हाय ठावं,’ मी तिची नक्कल करत म्हटलं आणि आईला जाऊन सांगितलं की वहिनी शब्द फिरवायला बघते आहे.

शुक्रवारी सकाळी चहा घेऊन दादा ड्युटीवर गेल्यावर आईनं पडवीकडे बोट केलं. आता आण. वहिनी पिल्लू पदरात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हलली नाही. तोंडानं म्हणाली, आणि त्या दिवशी तिचा आवाज घरभर ऐकू आला, ‘आई, एकच दिवस द्या. पाया पडते.’

आईनं आडवा हात हलवला.

मग मी उठले. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिच्या पदरातून पिल्लू काढून घेतलं. मानेला धरलं, आणि नीट धरता येत नव्हतं म्हणून आवळून धरलं. पडवीत गेले आणि कुत्र्यांच्या समोर जमिनीवर ठेवलं. ‘चल गं भवानी, दाखव तुझी करामत,’ असं काहीतरी म्हटलं. पिल्लाला दुखलं असणार. ते उलटं वळलं, वहिनीकडे तोंड केलं आणि ओरडलं.

एवढुसा आवाज. सहा दिवस तो आमच्या घरात होता आणि आम्ही तो एकदाही ऐकला नव्हता. कुत्र्यांचे कान ताठ झाले. थोरला उठला. बुधवारी ज्याला चाटलं, ते हेच, याची त्याला काही ओळखच नव्हती. पिल्लू पुन्हा ओरडलं आणि पळालं. पळायला नको होतं.

मी ‘सोड’ म्हणून किंचाळले. आई किंचाळली. वडील पेपर टाकून बाहेर आले आणि ओरडत राहिले, ‘ए, सोड! सोड म्हणतो ना!’ कुत्र्यांनी कानसुद्धा हलवला नाही. त्यांना आमचा आवाज म्हणजे काहीच नव्हता. आम्ही त्यांना कधी शब्द शिकवलाच नव्हता. मग वडिलांनी हात आडवा केला. तो हात मला आजही दिसतो, हवेत, खडू धरल्यासारखा. दोन्ही कुत्र्यांच्या पाठी आमच्याकडे होत्या. सात वर्षांच्या त्या शिस्तीकडे बघायला त्यांना वेळ नव्हता.

वहिनीनं मात्र ओरडण्यात वेळ घालवला नाही. ती मला ढकलून गेली आणि तिनं आपला हात थोरल्याच्या जबड्यात घातला.

बाहेर नळावर लूमवरचे कारागीर कपडे धूत होते. शुक्रवार ना. एकजण बादली घेऊन धावत आत आला, ‘पानी मारो ना, देखते क्या हो!’ म्हणाला आणि भरली बादली कुत्र्यांवर ओतली. कुत्रे सुटले. घरातल्या आम्हा चौघांपैकी ते कुणाला सुचलं नव्हतं.

पिल्लू अजून जिवंत होतं. मागची बाजू गेली होती आणि पुढचे दोन पाय चालत होते. ते ओरडत होतं. लूम चालू असते तर आम्हाला ऐकावं लागलं नसतं. वहिनी त्याला मांडीवर घेऊन बसली, तिच्या हातातून रक्त गळत होतं, आणि त्या दोघांचं रक्त लुगड्यावर एक झालं. बराच वेळ ते ओरडत राहिलं. वडील आत जाऊन पेपर घेऊन बसले. एकही पान उलटल्याचा आवाज आला नाही.

मग आई बोलली. ‘आता चौदा इंजेक्शनं,’ आई म्हणाली, ‘आणि स्वयंपाक कोण करणार?’

तेव्हा कुत्रा चावला की पोटात इंजेक्शनं घ्यायला लागायची, रोज एक. दादाला ड्युटी, म्हणून सरकारी दवाखान्यात तिला मी न्यायचे. चौदा दिवस आम्ही दोघी लूमच्या गल्लीतून चालत गेलो आणि चालत आलो. चौदा दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही आणि मी माफी मागितली नाही. सातव्या दिवशी तिला पोट सुजून चालवेना. तेव्हा मी म्हटलं, ‘जरा पाय उचल की.’ असं म्हटलं मी.

पिल्लू दादानं खाडीवर नेऊन टाकलं. कुत्रे आणखी पाच वर्षं जगले, आणि त्यांना रोज दोन वेळा वहिनीच वाढायची. तिनं त्यांना कधी लाथ मारली नाही. मी तिच्या जागी असते तर विष घातलं असतं.

माझं लग्न खारबावला झालं. तिथली शांतता मला दोन वर्षं झोपू देत नव्हती. वडील गेले. पुढे नव्वदनंतर आईला झटका आला आणि उजवं अंग गेलं. वर्षाच्या आत दुसरा झटका आला आणि डावा हातही गेला. जीभ जड झाली, पण आवाज राहिला. वहिनी तिचं सगळं करायची. न्हाणं, भरवणं, कुशीवर वळवणं. चादरीला कधी वास आला नाही. शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी.

मी आईला भेटायला जायचे ते शुक्रवारी, म्हणजे दोन शब्द बोलता येतील म्हणून. अशाच एका शुक्रवारी गेले तर वहिनी खोलीच्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती, खाटेकडे पाठ करून. लूम बंद होते. आई हाका मारत होती. ‘पाणी. पाणी दे गं.’ किती वेळ मारत होती कोण जाणे, आवाज चिरकला होता. वहिनीपासून खाट चार हातांवर होती.

मला वाटलं, हिचेही कान गेले आमच्यासारखे. मी ओरडले, ‘वहिनी, अगं आई हाक मारतेय!’

‘ऐकू येतंय मना,’ ती म्हणाली. वर न बघता, त्याच बारीक आवाजात. ‘पण या घरात हाक मारत न्हाईत, वन्सं. हात करतात.’

‘अगं, तिचे हात उचलत नाहीत!’

‘माहीत हाय.’

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. अंगठ्याखाली दातांचे वण अजून पांढरे दिसत होते. मी तांब्या भरला आणि आईच्या तोंडाला लावला. आई पाणी प्यायली, अर्धं गळ्यावर सांडलं. पिताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे वहिनीच्या पाठीवर होते, आणि चादरीवर तिचं एक बोट जरासं हलत होतं.