डोमाने आवळलेलं चाक

तुमसरच्या बाजारामागे डोमा मिस्त्रीचं गॅरेज होतं. १९७७ च्या उन्हाळ्यात राइस मिलवाले पुंडलिकराव यांची जुनी विलायती मोटार चार हमालांनी ढकलत तिथे आणली. पोराच्या वरातीला हीच गाडी हवी, असा मालकांचा हट्ट. पण ती चौसष्ट सालापासून, तेरा वर्षं, शेडमध्ये पडून होती. त्या साली वेग पस्तीस मैलांवर गेला की इंजिन असं थरथरायचं की आत बसलेल्यांचे दात वाजायचे. नागपुरात इंजिनाखाली नवे रबर बसवले, तरी फरक पडला नाही. ड्रायव्हर सोमाजीनेच गाडी रगडून बिघडवली, असं ठरवून त्याला तेव्हाच काढून टाकलं होतं.

डोमाने इंजिनाचं पुढचं तोंड खोललं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, टोकाला एक जड चाक होतं, कापडी चकत्यांमध्ये धरलेलं. क्रँकला पीळ पडला की ते किंचित घसरायचं आणि थरथर जिरवायचं. म्हणून ते थोडं सैलच हवं. इथे मात्र सगळे नट करकचून आवळलेले, आणि प्रत्येकावर छिन्नीच्या तीन खुणा. अशा खुणा डोमाच करायचा.

तो खाली बसला. चौसष्ट साली गाडी दुरुस्तीला आली तेव्हा चाक हाताने हलतं म्हणून, ढिलं झालं समजून, त्यानेच ते आवळलं होतं. आता लाज वाटेल, रडू येईल, म्हणून तो थांबला. काहीच आलं नाही. मग त्याने जाड कॅनव्हासच्या नव्या चकत्या कापल्या, तेलात भिजवल्या आणि चाक बेताने बसवलं.

भंडाऱ्याच्या रस्त्यावर गाडी पन्नासवर गेली, तरी मालकांच्या मांडीवरचा पानाचा डबा वाजला नाही.

"मालक, चूक माही होती. सोमाजीची नाही."

"जाऊ दे डोमा, जुनी गोष्ट आहे," पुंडलिकराव म्हणाले. "वरातीले त्यालेच बोलाव."

दुसऱ्या दिवशी डोमा सोमाजीच्या गावी, कारध्याला गेला. तो वैनगंगेच्या रेतीत डांगराच्या वेलांना पाणी घालत होता. डोमाने सगळं सांगितलं.

"आता कायले सांगून राहिला?" सोमाजीने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मालक म्हनते, वरातीले गाडी तूच चालव."

"मले दूरचं दिसत नाही आता." त्याने हातातली बादली वेलाशी रिकामी केली आणि विचारलं, "चांगली चालते ना पन?"

"हो."

"बरं झालं."

डोमाने दुसरी बादली उचलली. दोघांनी मिळून ओळ संपवली.

वरातीच्या दिवशी गाडी दुसऱ्याच कोणी चालवली. डोमा गॅरेजात एका ट्रॅक्टरचा पंप खोलून बसला होता. बँड दारावरून गेला, तरी त्याने मान वर केली नाही.