वरचं थोडं

शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लॅबमावशींना बावीस वर्षं झाली होती. सरांनी उद्या कोणतं द्रावण लागेल ते सांगायचं आणि मावशींनी ते करून ठेवायचं. तराजूवर कागद, कागदावर पदार्थ. वजन भरलं की चमच्याच्या टोकावर मावेल एवढं त्या आणखी घालत. थोडं कागदाला चिकटतं, ते भरून काढायला. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि त्यांच्या बाटलीबद्दल आजवर कोणी तक्रारही केली नव्हती.

त्या वर्षी प्रयोगशाळा सहायक निवृत्त व्हायचे होते. मुख्याध्यापिकांनी मावशींना बोलावून स्पष्टच सांगितलं. बारावीच्या रसायनशास्त्राची परीक्षा बाहेरून द्या, लेखी सत्तर, प्रयोग तीस, दोन्हींत वेगवेगळं पास व्हायला हवं. झालात तर जागा तुमची. नाहीतर जाहिरात द्यावी लागेल आणि बाहेरून कोणीतरी येईल. येणारा वयाने मुलासारखा असेल आणि त्याच्या हाताखाली निवृत्तीपर्यंत बाटल्या धुवाव्या लागतील, हे मावशींचं त्यांनाच समजलं.

शिकवायची जबाबदारी सुनेवर आली. ती बीएस्सी होती, एका औषधांच्या दुकानात काम करायची आणि हातचं राखून शिकवणं तिला माहीत नव्हतं. सकाळी सहा ते सात, स्वयंपाकघरातलं टेबल, एका बाजूला चिरायची भाजी आणि दुसऱ्या बाजूला वही. मुलगा दोघींच्या मध्ये पडला नाही. तो चहा करून द्यायचा आणि बाहेरच्या खोलीत जायचा.

पहिले पंधरा दिवस मोलवर गेले. एका मोलमध्ये किती कण असतात तो आकडा ऐकून मावशींनी सुरी खाली ठेवली आणि इतके मोजत कोण बसलं होतं, असं विचारलं. मोजले नाहीत, तोलले, असं सून म्हणाली. मग आधीच तसं सांगायचं ना, असं पुटपुटत मावशी पुढच्या गणिताकडे वळल्या. तोलण्याचं काम त्यांच्या ओळखीचं होतं.

घोडं अडलं ते द्रावणांच्या गणितांवर. सोडियम हायड्रॉक्साइडचं शून्य पूर्णांक एक मोलर, म्हणजे लिटरला तेवढे मोल असलेलं द्रावण, अडीचशे मिलिलिटर, तर किती ग्रॅम घ्याल? एका मोलचं वजन चाळीस, मोल लागतात शून्य पूर्णांक शून्य दोन पाच, उत्तर एक ग्रॅम. मावशींनी सगळ्या पायऱ्या नीट मांडल्या आणि शेवटी लिहिलं, एक पूर्णांक एक. सुनेला वाटलं, गुणाकारात चुकल्या असतील. पुढच्या गणितात दहाच्या जागी दहा पूर्णांक एक आलं. त्याच्या पुढच्यात पुन्हा तेच.

"आई, हे वरचं थोडं कुठून येतं?"

"कागदाला चिकटतं त्याचं."

"पुस्तकात कागद नसतो."

"म्हणून तर पुस्तकातल्यांच्या बाटल्या पातळ होत असतील."

सुनेने वही मिटली. असं लिहिलंत तर प्रत्येक गणिताला मार्क जातील, असं तिने बजावलं. पण दुसऱ्या दिवशीही वरचं थोडं उत्तरात होतंच. बावीस वर्षांचा हात एका दिवसात ऐकणार कसा? सून चिडली. म्हणाली, तुम्हाला शिकवण्यापेक्षा दुकानातल्या वजनकाट्याला शिकवलं असतं तर बरं. मावशी म्हणाल्या, काट्याला भाजी चिरता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सुनेने वेगळं विचारलं. कागदाला जे चिकटतं ते जातं कुठे? मावशींनी सांगितलं, कागद टाकून देतात. आणि काचेच्या बशीत तोललं तर? बशी बेसिनमध्ये धुतात. मग ते धुतलेलं पाणी फ्लास्कमध्येच गेलं तर, असं सुनेने विचारलं. मावशींनी उरलेली भाजी चिरून संपवली. मग म्हणाल्या, तसं केलं तर एक ग्रॅम म्हणजे एकच ग्रॅम. आणि चिकटतं तेही रोज सारखं नसणार, मी मात्र घालते सारखंच. त्या सकाळी त्यांनी सहा गणितं सोडवली आणि सहाही बरोबर आली.

लेखी परीक्षा जेमतेम बरी गेली. प्रयोगाला दुसऱ्या शाळेचे परीक्षक होते, कमी बोलणारे. मावशींना ऑक्झॅलिक आम्ल आलं, शून्य पूर्णांक एक मोलर, अडीचशे मिलिलिटर. स्फटिकांतलं पाणी धरून एका मोलचं वजन एकशे सव्वीस, म्हणजे तीन पूर्णांक एक पाच ग्रॅम. काचेच्या बशीत तेवढं भरलं आणि मावशींचा चमचा आपसूक पुन्हा बाटलीत गेला. तो त्यांनी रिकामाच बाहेर काढला. बशीतलं फनेलमधून फ्लास्कमध्ये ओतलं, बशीवर पाण्याची बारीक धार सोडून ते पाणीही आत घेतलं. तीनदा. मग खुणेपर्यंत पाणी भरलं.

परीक्षकांनी तीनदा का, म्हणून विचारलं.

"पहिल्यांदा दिसणारं जातं," मावशी म्हणाल्या, "नंतरच्या दोनदा न दिसणारं."

परीक्षकांनी काहीतरी टिपलं आणि तेवढ्याच मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने भरलेल्या ब्युरेटकडे, थेंब थेंब सोडायच्या नळीकडे, बोट दाखवलं. आपलं द्रावण बरोबर असेल तर दहा मिलिलिटरला गुलाबी छटा वीसवर यायला हवी, हे मावशींनी आधीच काढून ठेवलं होतं. दोनदा ती वीसवर आली, तिसऱ्यांदा एका थेंबाने पुढे.

पाच आठवड्यांनी निकाल लागला. प्रयोगात तीसपैकी अठ्ठावीस, लेखीत सत्तरपैकी एक्केचाळीस. सुनेने आधी लेखीचा आकडा पाहिला आणि एककं लिहिली नसणार, असं म्हणाली. मावशींनी प्रयोगाचा आकडा दोनदा पाहिला. मुलाने विचारलं, दोघींपैकी पास नक्की कोण झालं?

पुढच्या सोमवारी मावशी सहायकाच्या खुर्चीत बसल्या. पंधरा मिनिटांत त्यांना कळलं की तिथून मागची बाकं दिसत नाहीत. त्या उठल्या, खुर्ची भिंतीला सरकवली आणि नववीच्या तुकडीच्या प्रयोगाची मांडणी करायला घेतली.